बापूरावांच्या हरभऱ्यातली बाई

प्रकरण पहिले, ज्यात गुप्तहेर आपली ओळख आपणच करून देतात, कारण दुसरं कोणी तयार होत नाही

"इथून पार सिरोंच्यापर्यंत माझ्यासारखी नजर दुसरी नाही. जंगलातल्या वाघांची गणती वनखातं करतं, गावातल्या वाघांची मी करतो. माणूस दारात उभा राहिला की त्याच्या चपलेवरून मी त्याचं पोट ओळखतो, पोटावरून मन आणि मनावरून गुन्हा."

असं गुणवंतराव, पोंभुर्ण्याच्या बसस्टँडसमोरच्या आपल्या झेरॉक्सच्या दुकानात, प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक आधार कार्डाची झेरॉक्स मागत असे. दुकानावर पाटी होती: 'गुप्तहेर गुणवंतराव. अत्यंत गुप्त. आत या.' वर त्यांचा फोटोही होता, काळ्या चष्म्यातला, कोणी ओळखू नये म्हणून.

लहानू त्यांचा मदतनीस. म्हणजे मोटरसायकल लहानूची, पेट्रोल लहानूचं, आणि शहाणपण गुणवंतरावांचं. गुणवंतरावांची बायको सरिता ही लहानूची धाकटी बहीण. त्यामुळे गुणवंतराव लहानूच्या घरचे जावई. आणि जावई चुकतो आहे, असं बायकोच्या भावानं तोंडावर म्हणायची आपल्याकडे रीत नाही. लहानूच्या आयुष्यातले बहुतेक अपघात या रीतीमुळे झाले होते.

प्रकरण दुसरे, ज्यात एक मुलगा स्वतःहून कामाला जातो आणि घरावर संकट कोसळतं

त्या दिवशी सकाळी बापूराव दुकानात आले, तेव्हा त्यांच्याकडे झेरॉक्स करायला काही नव्हतं. गुणवंतरावांनी त्यांच्या चपलेकडे पाहिलं आणि निदान केलं की, गिऱ्हाइकाची म्हैस हरवली आहे.

"म्हैस घरीच हाय," बापूराव म्हणाले. "पोट्टा बिघडला."

पोट्टा म्हणजे प्रवीण. वय सतरा, अंग पहिलवानाचं, ओठांवर काळी रेघ उमटलेली. गावच्या कबड्डी संघात चढाईला तोच जायचा आणि समोरचे चार जण अंगावर घेऊन परत यायचा. नागपूरच्या क्रीडा वसतिगृहात त्याची आणि संघातल्या आणखी काही पोरांची निवड झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं सगळे निघणार होते.

तक्रार अशी होती की, हरभरा घाट्यांवर आल्यापासून प्रवीण रोज दुपारी वावरात राखणीला जात होता. कोणी न सांगता.

"तुमीच सांगा," बापूराव म्हणाले, "सतरा वर्षाचा पोट्टा आपल्या मनानं वावरात जाते काय?"

गुणवंतरावांनी डोळे मिटले. प्रकरण गंभीर होतं.

पुढची गोष्ट त्याहून वाईट. शेजारच्या सगळ्या वावरांत जंगलातली वानरं उतरत होती आणि घाटे ओरबाडत होती. बापूरावांच्या बांधाशी येऊन मात्र तीच वानरं माघारी फिरत. आणि नाल्यापलीकडे शेळ्या चारणाऱ्या सोमारीबाईनं शपथेवर सांगितलं होतं की, बापूरावांच्या हरभऱ्यात रोज दुपारी एक बाई बोलते.

बापूरावांनी निकाल आधीच ठरवून आणला होता, फक्त पुरावा हवा होता. बाईची भानगड निघाली, तर नागपूर बंद. गडचांदूरला प्रवीणचा मामा होता. तो त्याला सिमेंटची पोती उचलायला लावेल, म्हणजे अंगातली मस्ती उतरेल. भानगड नसेल, तर पोरगा सकाळी बसमध्ये. म्हणून संध्याकाळपर्यंत खरं काय ते कळायला हवं होतं.

लहानूला त्या पोराचं वाईट वाटलं. त्यानं प्रवीणचे सामने पाहिले होते. असा गडी पोत्याखाली जावा, हे त्याला पटेना. त्यानं सुचवलं की, पोराला सरळ विचारावं.

"विचारल्यावर कोणीही शोधेल, लहानूभाऊ," गुणवंतराव म्हणाले. "मग गुप्तहेर कायले?"

प्रकरण तिसरे, ज्यात तीन सिद्धान्त तुरीत लपून बसतात

दुपारी दोघं बापूरावांच्या तुरीच्या ओळींत पोटावर आडवे पडले होते. पुढे हरभरा, हरभऱ्याच्या मधोमध मचाण. मचाणावर प्रवीणची पाठ दिसत होती आणि खाली खांबाला भोंगा बांधलेला होता.

हा भोंगा आता प्रत्येक वावरात असतो. माणसाच्या ओरडण्याचा आवाज त्यात भरून ठेवायचा आणि दिवसभर लावून द्यायचा: हट, हो, पळ. वानरं चार दिवस घाबरतात. मग भोंग्यावरच बसून हरभरा खातात.

बापूरावांच्या वावरातून मात्र 'हट' ऐकू आलं नाही. एक बाई बोलली. चक्क हिंदीत.

"रुक जा मोटे! मेरी शहद की मटकी छोड़!"

लहानूचा श्वास अडकला. गुणवंतरावांचा फुलला.

"मध," ते कुजबुजले. "जंगलातला चोरटा मध. बाई परप्रांतीय. टोळी मोठी दिसते."

एवढ्यात धडाम असा आवाज झाला. पहिला सिद्धान्त जिथल्या तिथं मेला आणि दुसरा जन्माला आला. मधाची मडकी म्हणजे गावठी बॉम्ब लपवायची जागा. रानडुकरं मारणारी टोळी. वानरं म्हणूनच येत नाहीत, त्यांना बॉम्बची खबर लागली आहे.

"कोनी देली खबर?" लहानूनं विचारलं.

"तपास चालू हाय."

लहानू म्हणाला की, मचाण इथून ढेकूळ फेकण्याच्या अंतरावर आहे, तेव्हा आपण चार पावलं पुढे जाऊन पाहू. गुणवंतरावांना हे मुळीच रुचलं नाही. पाहिल्यावर तर्काला काम काय उरणार, असं त्यांचं म्हणणं होतं. लहानूनं जावयासाठी पुन्हा हनुवटी मातीला टेकली.

आणि तेव्हा अस्वल गुरगुरलं.

या भागात वाघाला माणूस नमस्कार करतो, पण अस्वलाला बघून पळतो. वाघ निघून तरी जातो. अस्वल तोंडाचा चेंदामेंदा करूनच थांबतं. लहानूच्या पायांनी रीतभात, नातं, जावई सगळं विसरून धाव घेतली. मागे वळून पाहिलं तर गुणवंतराव पुढे होते.

नाल्यात उतरल्यावर त्यांनी चष्म्यावरचा चिखल पुसला. बाई अस्वलाला शिव्या देत होती, हे दोघांनीही ऐकलं होतं. अस्वलानं ऐकून घेतलं होतं, हेही. यावरून गुणवंतरावांनी तिसरा सिद्धान्त काढला: पाळलेलं अस्वल, मध काढायला शिकवलेलं.

लहानूनं मान डोलावली. त्याला धाप लागली होती आणि मान हलवायला कमी श्वास पुरतो.

प्रकरण पाचवे (चौथं नाल्यात पडलं)

ऊन कलल्यावर बापूरावांच्या अंगणात सगळे जमले. खाटेवर बापूराव आणि गुणवंतराव. समोर प्रवीण, वावरातून अर्ध्यात बोलावून आणलेला, हाताची घडी घालून. भोंगाही तो खांद्यावर टाकून घेऊन आला होता, तो तुळशीवृंदावनाशी ठेवला होता. बापूरावांची बायको कमळाबाई छपराच्या कवेलूंवर वाळत घातलेल्या वड्यांवर लक्ष ठेवून होती. आणि फाटकाशी अख्खा कबड्डी संघ, बॅगा भरून झाल्या का ते विचारायला आलेला. सगळ्यात पुढे कप्तान धम्मदीप. त्याला दाढी फुटली होती आणि तो ती सारखी चाचपत होता.

गुणवंतराव उभे राहिले. त्यांनी मध सांगितला, बॉम्ब सांगितला, अस्वल सांगितलं. संघातला एक पोरगा हसला आणि धम्मदीपनं त्याला कोपर मारलं.

बापूरावांनी त्यातलं काहीच ऐकलं नाही. ते मुलाकडे पाहत होते. "बाई होती का नाई, तेवढं सांग."

आता लहानू प्रवीणच्या तोंडाकडे नीट पाहत होता. पोरानं ओठ उघडले. खरं काहीतरी जिभेवर आलेलं स्पष्ट दिसत होतं. मग त्याची नजर फाटकाकडे गेली. धम्मदीपकडे, सगळ्या गड्यांकडे. मागच्या साली याच गड्यांनी एका पोराला, त्याच्या दप्तरावर कार्टूनचं चित्र होतं म्हणून, आठवडाभर 'बाळ' म्हणून हाक मारली होती. प्रवीणनं ओठ मिटले. पुन्हा उघडले तेव्हा आतून दुसरंच बाहेर आलं.

"हो. पोरगी हाय. लफडं हाय माह्यं."

लहानूनं आयुष्यात खूप पोरं खोटं बोलताना पाहिली होती. पण लफडं असताना नाही म्हणणारी. नसताना हो म्हणणारा हा पहिलाच.

"कुठची?" बापूराव.

प्रवीणनं क्षणभर सगळा नकाशा डोळ्यांपुढे आणला आणि शक्य तितकं दूर बोट ठेवलं. "सिरोंच्याची. फोनवर बोलते."

"तेलुगू?"

"हो."

"बोलून दाखव."

"बागुन्नावा," प्रवीण म्हणाला. तेलुगूत 'बरी आहेस का' विचारणारा तेवढा एकच शब्द त्याला येत होता.

लहानूनं जावयाच्या कानाशी लागून आठवण करून दिली की, वावरातली बाई हिंदी बोलत होती. गुणवंतरावांनी हात झटकला. तेलुगू माणूस रागावला की हिंदीच बोलतो, हा त्यांचा अभ्यास होता. शिवाय त्यांना पहिल्यापासून प्रेमाचाच संशय होता. अस्वल त्यांनी मुद्दाम सांगितलं, आरोपी गाफील राहावा म्हणून.

बापूराव बराच वेळ चपलेच्या टोकानं जमीन उकरत राहिले. मग त्यांनी सांगून टाकलं की, सकाळची बस नाही. पोरगा दुपारच्या गाडीनं गडचांदूरला जाईल.

फाटकाशी चुळबुळ थांबली.   प्रवीण पोती उचलायला तयार होता, पण खरं बोलायला नाही. लहानूला वाटलं, आता आपण रीत मोडावी आणि जावयाला खाली बसवावं. त्यानं एक पाऊल टाकलंही.

तेवढ्यात कवेलूवर वानर उतरलं आणि त्यानं वडी उचलली.

"अगं बाई, माह्या वड्या," कमळाबाई म्हणाली आणि तिनं हाताशी असलेला भोंगा चालू केला.

भोंगा आणि प्रवीणच्या खिशातला मोबाइल यांचं ब्लूटूथचं जुनं सूत होतं. एक जागा झाला की दुसऱ्याला शोधायचा आणि दुपारी जिथं सोडलं होतं तिथून पुढे चालू करायचा. आधी ढोलकी वाजली. मग लहान मुलांच्या आवाजात, अंगण दणाणून टाकत, गाणं सुरू झालं: 'गोलू भालू, गोलू भालू, शहद का चालू!' मग अस्वल गुरगुरलं. मग बाई ओरडली. मग धडाम.

वानर वडी टाकून पळालं.

प्रकरण सहावे

यात कोणीही काही बोलत नाही. प्रवीण खिसा दाबून धरतो.

प्रकरण सातवे, ज्यात केस सुटते, पण कोणाकडून ते लगेच कळत नाही

"हा कार्टूनचा थोच भाग हाय," फाटकाशी कोणीतरी हळूच म्हणालं, "ज्याच्यात त्याचं डोकं मडक्यात अडकते."

सगळ्यांनी वळून पाहिलं. धम्मदीपनं दाढीवरचा हात खाली घेतला. आता परतीचा रस्ता नव्हता, म्हणून तो पुढे आला आणि त्यानं प्रवीणला विचारलं, "याच्या पुढचा आला काय? माह्या फोनवर तं दिसून नाई राह्यला."

"परवा आला," प्रवीण म्हणाला. त्याचा आवाज अजून भोंग्यापेक्षा बारीक होता.

मग मागून दुसरा म्हणाला की, त्याला अस्वलापेक्षा मडकेवाली मावशी आवडते. तिसरा म्हणाला की, पहिल्यासारखी मजा आता नाही. चौथ्यानं त्याला विचारलं की, पहिली कशी होती हे तुला कसं माहीत. दप्तरवाल्या पोराला 'बाळ' म्हणणारे सगळे होते. प्रत्येक जण घरात, गोठ्यात, पांघरुणात, एकेकटा पाहत होता. संघात एकही गडी असा निघाला नाही की, ज्याला गाणं येत नव्हतं.

गुणवंतरावांनी चष्मा घातला. "माझा एकही सिद्धान्त चुकला नाही," ते म्हणाले. "बाई होती. मध होता. स्फोट होता. अस्वल तर मी प्रत्यक्ष ऐकलं."

 लहानूनं रीतीप्रमाणे मान डोलावली.

बापूरावांनी हात पुढे केला. प्रवीणनं मोबाइल दिला. चौकशीसाठी म्हणून त्यांनी थोडं पाहिलं. अस्वल मडक्यातून निघायला झाडावर डोकं आपटत होतं. झाड पडलं, मडकं शाबूत. बापूरावांच्या मिशीत काहीतरी हललं. त्यांनी ते खोकल्यात लपवलं आणि आणखी थोडी चौकशी केली.

"म्हूनच वांदरं नाई येत," कमळाबाई वड्या गोळा करत म्हणाली. "हट हट तं रोजचंच. याच्यात रोज नवं."

 बापूरावांनी हिशेब जुळवला. यंदाचा हरभरा उभा होता तो या येड्या अस्वलाच्या जिवावर.

"तू सकाळच्या बसनं जाय," ते मुलाला म्हणाले. "मोबाइल इथी ठेव. राखण मी करतो."

प्रवीणला नागपूर मिळालं होतं. त्यानं आनंदानं उडी मारायला हवी होती. लहानूनं पाहिलं, पोरगा उभाच होता आणि पडद्याकडे पाहत होता. मडकं अजून निघायचं होतं. वसतिगृहात मोबाइल ठेवू देत नव्हते. तिथं फक्त कार्यालयातला फोन, तोही रविवारी.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, आणि या वेळी फाटकाकडे न पाहता, "रविवारी फोन करीन. तवा सांगान काय, काय झालं त्याचं?"

बापूराव आजवर मुलाशी खत, पाणी आणि अभ्यास याखेरीज बोलले नव्हते. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "सांगीन."

पहिल्या रविवारी लहानू ओल्या हरभऱ्याची पेंढी न्यायला म्हणून बापूरावांकडे गेला होता. घाटे टच्च भरले होते. फोन वाजला तसे बापूराव अंगणाच्या टोकाशी, गोठ्यामागे गेले, पण फोनमधला आवाज अंगणभर ऐकू येत होता. जेवण, तालीम, मार लागला का, हे सगळं पटकन उरकलं. मग ते सांगू लागले: मडकं कसं निघालं, मग आत काय सापडलं, मावशीनं काय केलं. पलीकडून एकाचा नाही, कित्येकांचे हुंकार येत होते; सगळी पोरं फोनभोवती जमली असावीत.

मग धम्मदीपचा आवाज आला. "काका, मधातलं काई सोडू नोका. अन् आवाजासकट सांगजा."

बापूरावांनी गोठ्याआडून डोकावून पाहिलं. लहानूनं लगेच पेंढीत तोंड घातलं. कमळाबाईनं आतून कुकरची शिट्टी वाजू नये म्हणून गॅस बारीक केला.

मग बापूराव घसा साफ करून, बैलांना न बिचकवता, जमेल तितके गुरगुरले.