पोरीला शाळेत घाला

गेला त्याच्या आदल्या दिवशी दगडोबा चांगला धडधाकट होता. डोंगरकडा गावाहून एसटीने वसमतला आला आणि खांद्यावर घोंगडी, हातात लेकीसाठी जवसाच्या चटणीची पुरचुंडी घेऊन थेट कॉलेजच्या सभागृहाच्या दारात उभा राहिला. आत त्याची लेक, प्राध्यापिका सत्यशीला, मराठी विभागातर्फे लघुपट दाखवत होती. विषय होता मेंढपाळांच्या मुलींचं शिक्षण.

"कोण हो हे?" प्राचार्यांनी विचारलं.

सत्यशीलाची जीभ अडखळली. वडील काय करतात, हे तिने कॉलेजात कधी कुणाला नीट सांगितलंच नव्हतं. "आमच्या... गावाकडचे आहेत."

दगडोबाने ते ऐकलं. पुरचुंडी घोंगडीखाली सरकवून तो गुपचूप मागच्या बाकावर बसला.

पण पुण्याहून आलेल्या दिग्दर्शकाच्या नजरेत घोंगडी भरली होती. लघुपट संपताच त्याने दगडोबाला हाताला धरून मंचावर नेलं. "हा पडद्यावरचा नाही, खराखुरा मेंढपाळ!" टाळ्या पडल्या. "बाबा, मुलगी आहे तुम्हाला?"

"हाय जी एक."

"शिकते?"

दगडोबाने सत्यशीलाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. "न्हाई. मेंढरं राखून राहिली."

सभागृह हळहळलं. "का नाही शिकवलं?" प्राचार्य उठून उभेच राहिले.

"काहून शिकवावं जी? उद्या बापालाच वळखायची न्हाई."

हशा पिकला. प्राचार्य मात्र खवळले. "हीच मानसिकता बदलायची आहे! सत्यशीलाबाई, तुमच्या गावचे आहेत ना? समजवा यांना."

माईक हातात आला. सख्ख्या बापासमोर उभी राहून सत्यशीला स्त्रीशिक्षणावर बोलली. आवाज कापत होता. लोकांना ती तळमळ वाटली.

"बराबर हाय, बाई," दगडोबा म्हणाला. "घालतो पोरीला शाळंत."

समाज डोळ्यांदेखत बदलला, म्हणून कॉलेजच्या फोटोग्राफरने फोटो काढला.

गेटपाशी दगडोबाने पुरचुंडी तिच्या हातात दिली. "लई भारी बोललीस, शीले."

"बा, मी..."

"यष्टी चुकंल माझी," म्हणत तो निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढवाड्यात बसल्या जागी गेला.

दहाव्याला प्राचार्य स्टाफसह डोंगरकड्याला आले. ओसरीवर हार घातलेला फोटो होता. दगडोबाचा दुसरा फोटोच नव्हता, म्हणून मंचावरचाच फ्रेम करून आणला होता.

प्राचार्यांनी चष्मा सावरला. "अरे, हे तर ते... हेसुद्धा गेले? अरेरे! आणि बाई, तुमच्या वडिलांचा फोटो कुठंय?"

सत्यशीलाची आई मनकर्णा लेकीकडे बघत राहिली. प्राचार्यांनी फोटोकडे बोट करून हलक्या आवाजात विचारलं, "त्या पोरीला शाळेत तरी घातलं का यांनी?"

"घातलं, सर." अंगणातल्या बायकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सत्यशीला म्हणाली, "हा माझा बा. मेंढरं राखून त्यानं मला एमे केलं."