तांब्याच्या तारांची सन्मानपूर्वक निवृत्ती

वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीच्या चार मजली इमारतीत एके सकाळी टेलिफोन खात्याचं पत्र आलं. तांब्याच्या तारांवरचे जुने फोन वर्षभरात कायमचे बंद होणार होते. तरी आपल्या जागेत या तारांवर काय काय चालतं ते शोधून ग्राहकांनी वेळीच पर्यायी व्यवस्था करावी, असं त्यात म्हटलं होतं. पत्राचं गांभीर्य ओळखून व्यवस्थापकसाहेबांनी तातडीने, म्हणजे सातव्या महिन्यात, समिती नेमली.

समितीत लेखाप्रमुख होते, विक्रीप्रमुख होते आणि बाहेरून आणलेले एक सल्लागार होते. ऑपरेटरबाई नव्हत्या. एकतीस वर्षं त्या तळमजल्यावरच्या काचेच्या खोलीत बसून इमारतीतला प्रत्येक फोन जोडून देत होत्या. कुठली तार कुठल्या भिंतीतून कुठे निघते, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण समितीच्या लेखी बाई या 'निवृत्त होणाऱ्या यंत्रणेचा भाग' होत्या, आणि यंत्रणेचं मत विचारण्याची पद्धत नव्हती.

सल्लागारांनी सर्वेक्षण केलं. म्हणजे टेबलाटेबलावरचे फोन मोजले आणि प्रत्येकावर हिरवी टिकली चिकटवली. एकशे अठरा भरले. बाईंनी त्यांना जिन्यात गाठलं.

"अहो, तारांवर नुसते फोन नाहीत. आग लागली तर अग्निशमन केंद्राला निरोप जातो, तो त्याच तारेवरून. मागच्या फाटकाची बेल आहे. लिफ्टमधली लाल कळ आहे, ती दाबली की माझ्याकडे वाजतं."

"ती कळ कुठल्या टेबलावर आहे?" सल्लागारांनी वही उघडली.

"लिफ्टमध्ये टेबल कुठून येणार?"

"मग ती पुढच्या टप्प्यात." त्यांनी वही मिटली.

बाई साहेबांकडे गेल्या. साहेब हळवे झाले.

"बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो."

"भावना नाही हो साहेब, तार आहे. भिंतीत आहे."

"लेखी द्या."

बाईंनी लेखी दिलं. एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही अर्ज 'कर्मचाऱ्यांचे भावनिक प्रतिसाद' या फायलीत व्यवस्थित लागले. समितीला वेळ नव्हताच. जे होणार आहे त्याला 'बंद' म्हणावं, 'स्थलांतर' म्हणावं की 'निवृत्ती', यावर तीन बैठका झाल्या होत्या. अखेर 'सन्मानपूर्वक निवृत्ती' एकमताने ठरली आणि चौथ्या मजल्यावर समारंभही ठरला. बाईंना काचेच्या चौकटीत बसवलेला वीतभर तारेचा तुकडा भेट द्यायचा होता.

ठरल्या दिवशी अकरा वाजता तार तोडण्यात आली. बाईंच्या बोर्डावरचे दिवे एकेक करून विझले. बाईंनी उगीचच बोर्डावर हात ठेवला. तो अजून कोमट होता. मग पदर नीट करून त्या जिन्याने वर निघाल्या. साहेब आणि सल्लागार लिफ्टने निघाले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये असताना वीज गेली.

जुने फोन विजेवाचून चालत. त्यांच्या जागी बसवलेले नवे एकशे अठराच्या एकशे अठरा एका दमात गप्प झाले. लिफ्टच्या पत्र्यात मोबाइल मुका होता. साहेबांनी लाल कळ दाबली, मग ठोकली, मग दोघांनी मिळून आरडाओरडा केला. चौथ्या मजल्यावर तो आवाज गेला तेव्हा भाषण सुरू झालं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी मात्र तो आवाज ओळखला.

"साहेब?"

"बाई! लाल कळ दाबतोय कधीपासून, कोणी उचलतच नाही!"

"ती माझ्याकडे वाजायची, साहेब."

साहेबांनी कळ आणखी एकदा दाबून पाहिली.

"मग आता कुठे वाजते?"

"पुढच्या टप्प्यात," सल्लागार पुटपुटले, आणि त्यांना धाप लागली.

बाईंचं धाबं दणाणलं, पण त्यांनी आवाजात ते येऊ दिलं नाही. पहारेकऱ्याला त्यांनी लिफ्टच्या मिस्त्रीकडे पळत पाठवलं आणि स्वतः लिफ्टच्या दाराशी पायरीवर बसल्या. "श्वास मोजा. माझ्याबरोबर. एक... दोन..." पाऊण तास त्या मोजत राहिल्या. मिस्त्रीने हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली आणली तेव्हा सल्लागारांनी आधी बाईंचा हात धरला आणि मग जमिनीवर पाय ठेवला.

चौकशी झाली. समितीने अहवालात नमूद केलं: 'संकटकाळात लिफ्ट व बाहेरील जग यांतील ध्वनिसंपर्क तारेविना व विजेविना अखंड राहिला. सदर व्यवस्था किफायतशीर असल्याने कायम करावी.' त्यानुसार जिन्यात त्याच पायरीपाशी एक खुर्ची आली, आणि खुर्चीत बाई.

पाठोपाठ सगळ्या मजल्यांवर एक कागद फिरला: 'लिफ्टमधील संकटकळ मी स्वतः दाबून पाहिली असून ती चालते.' दुपारच्या आत सगळ्यांच्या सह्या झाल्या. फक्त बाई उठून लिफ्टमध्ये गेल्या, कळ दाबली, कान देऊन ऐकलं आणि सही न करताच परतल्या. 'आपल्या एकटीमुळे काम अडले आहे, खुलासा करावा,' असं पत्र त्यांना संध्याकाळी मिळालं.

तुम्हाला हसू आलं असेल. तसाच एक कागद तुमच्याही इमारतीत फिरला होता. तुम्ही घाईत होता, वरच्या सगळ्या सह्या बघून तुम्हीही खाली सही ठोकलीत. आणि तुमच्या जिन्यात तर बाईही बसलेल्या नाहीत.