मागे बसायला सहा माणसं

रविवार, १२ एप्रिल. आजची कामं तीन. पार्किंगच्या छताखालून जाणाऱ्या फायरच्या लाल पाइपची जमिनीपासून उंची मोजणे, गावड्यांच्या पिकअपची उंची मोजणे आणि दोन्ही मापं घालून गावड्यांना सोसायटीची नोटीस देणे. मी सेक्रेटरी आहे. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून झाले, आणि झाले म्हणून करते.

गावडे कोण, ते आधी सांगते. एकदा ते आमच्याकडे सत्यनारायणाला आले. लोक येतात, चपला काढतात, नमस्कार करतात. गावड्यांनी चपला काढल्या, शर्टाच्या खिशातून बोटभर लांबीची पाणसळ काढली आणि चौरंगावर ठेवली. पाणसळ म्हणजे काचेची बंद नळी, आत पाणी आणि एक बुडबुडा. जागा सपाट असली की बुडबुडा मधोमध थांबतो. आमच्या चौरंगावर तो थांबेना. गावड्यांनी हात वर करून गुरुजींची पोथी थांबवली, चौरंगाच्या एका पायाखाली कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची घडी सारली, पुन्हा पाहिलं आणि मग डोळे मिटून हात जोडले.

"बुडबुडा मधी आला," ते गुरुजींना म्हणाले. "आता चालू द्या."

वय सहासष्ट. मूळचे कणकवलीकडचे, पण जन्म लालबागचा. गिरणीत फिटर होते. माग बसवताना केसभर कलला तर कापड तिरकं उतरतं, हे विशीत त्यांच्या डोक्यात बसलं ते निघालंच नाही. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी गाडी चालवायला घेतली. आता स्वतःची पिकअप आहे आणि तीतून ते मांडववाल्यांच्या खुर्च्या वाहतात. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्या मधल्या वर्षांत, संक्रमण शिबिरात असताना, त्यांची बायको गेली. मुलगी नाशिकला असते. टॉवरमध्ये त्यांना बाराव्या मजल्यावरची खोली मिळाली. चाव्या द्यायला आलेल्या इंजिनिअरसमोर त्यांनी न्हाणीघराच्या फरशीवर पाणसळ ठेवली आणि सांगितलं, "साहेब, तुमचं पाणी झोपायच्या खोलीत निघालंय." इंजिनिअर हसला. नळ सोडल्यावर पाणी खरोखरच झोपायच्या खोलीत गेलं.

तर पिकअप. गेल्या दिवाळीनंतर गावड्यांच्या लक्षात आलं की गाडी पुढून खाली आणि मागून वर आहे. सगळ्याच पिकअप तशा असतात. शिवडीच्या मेकॅनिकने त्यांना समजावलं की माल भरला की मागचा भाग दबतो आणि गाडी आपोआप सरळ होते, कंपनीने ते विचार करून ठेवलेलं असतं. गावड्यांना ते पटलं नाही. रिकामी गाडी नाक खाली घालून उभी राहते, चोरी पकडल्यासारखी, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी लेव्हलिंग किट बसवून घेतलं. नाव मोठं आहे. पुढच्या स्प्रिंगांवर दोन जाड लोखंडी चकत्या बसवतात आणि गाडीचं नाक दोन इंच वर येतं.

बुडबुडा मधी आला. पण चाकांवर आता एवढी पोकळी दिसू लागली की गाडीने आखूड पँट घातल्यासारखं वाटे. म्हणून मोठे टायर आले. मोठे टायर वळणावर मडगार्डला घासू लागले, म्हणून मडगार्ड आतून कापावं लागलं. मग गाडीत दोनशे खुर्च्या भरल्या आणि मेकॅनिकचं खरं झालं: मागचा भाग बसला, नाक आभाळाकडे. गावड्यांनी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत आणखी एक पाटा घातला. एवढं सगळं झाल्यावर गाडी सरळ झाली. फक्त इमारतीत शिरेना.

मागच्या हौद्यावर ताडपत्री टाकायला लोखंडी नळ्यांचा सांगाडा आहे. तो आता फायरच्या पाइपला टेकत होता. बाहेर जायची एकेरी वाट मागच्या गेटने, तिथे पाइप नाही, त्यामुळे सकाळी अडचण नसे. संध्याकाळी सातला ते आत यायचे तेव्हा अडायचे. पहिल्याच दिवशी वॉचमनने शिट्टी मारली, गावडे उतरले, त्यांनी सांगाड्याकडे पाहिलं, पाइपकडे पाहिलं आणि जिन्याजवळ उभ्या असलेल्या बनसोडे सरांना म्हणाले, "सर, जरा मागे बसता काय?"

सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत. बसले. गाडी अर्धं बोट दबली. मग गावड्यांनी भाजी घेऊन येणाऱ्या मालतीताईंना बसवलं, वॉचमनला बसवलं, आणखी तिघांना लिफ्टमधून परत बोलावलं. सहा माणसं झाली तेव्हा सांगाडा पाइपखालून सुटला आणि गाडी आपल्या जागेवर जाऊन लागली. प्रवास तीस फुटांचा.

त्यानंतर हे रोजचं झालं. गावडे हौद्यात पाणसळ ठेवत आणि माणसं हलवत. सरांना पुढे घेत, मालतीताईंना डावीकडे सरकवत. "मला दीड धरतो मेला," असं मालतीताई सगळ्या मजल्यांवर सांगत फिरल्या, पण दुसऱ्या दिवशी पावणेसातला वालाच्या शेंगा आणि ताट घेऊन खाली हजर. गाडी लागल्यावर कुणी लगेच उतरत नसे. शेंगा सोलून व्हायच्या. सरांचं वर्तमानपत्र वाचून व्हायचं, मोठ्याने. चाळीच्या गॅलरीत ज्यांची भांडणं अर्धी राहिली होती त्यांनी ती इथे पुरी केली. कधी साडेसात, कधी आठ. मी बसले नाही. सेक्रेटरीने नियमात नसलेल्या गोष्टीत बसू नये.

तक्रार राण्यांनी केली. त्यांची नवी गाडी पाइपच्या बरोबर खाली लागते. सांगाडा पाइपला लागून पाइप फुटली तर काय, हा त्यांचा प्रश्न, आणि प्रश्न बरोबर होता. माणसांऐवजी रेतीच्या गोणी टाका, असं त्यांनी सुचवलं. गावडे म्हणाले, "रेतीला जरा सरका म्हणून सांगता येत नाय." कमिटीत ठरलं की सेक्रेटरीने माप घ्यावं, आणि गाडी पाइपपेक्षा उंच निघाली तर ती यापुढे बाहेर लावावी. बाहेर म्हणजे रस्त्यावर, जिथून आठवड्यातून दोनदा गाड्या उचलून नेतात.

म्हणून आज सकाळी वॉचमनकडून स्टूल घेतलं आणि त्याला चहाला पाठवलं. आधी पाइपची उंची मोजली, लिहिली. मग सांगाड्याची. आकडा चुकला असं वाटलं म्हणून पुन्हा मोजली. टेप उलटी धरून तिसऱ्यांदा मोजली. सांगाडा पाइपच्या चार बोटं खाली होता. गाडी रिकामी, हौद्यात कुणी नाही. टायरांत हवा कमी असेल म्हणून चारही टायरांना लाथ मारून पाहिली. टणक होते.

मग सांगाड्याचे पाय पाहिले. चारही पाय मधून कापून पुन्हा जोडलेले. वेल्डिंगवर काळा रंग मारलेला, आणि रंगावर चांगला दोन-तीन महिन्यांचा धुळीचा थर.

मी स्टुलावरून उतरत होते तेवढ्यात गावडे बाजारातून आले, हातात माशांची पिशवी. त्यांनी टेप पाहिली, मग मला पाहिलं.

"फ्रेम कापलीत," मी म्हटलं.

"कापली."

"कधी?"

"संक्रांतीच्या आधी." पिशवी त्यांनी बॉनेटवर ठेवली, मग उचलून परत हातात घेतली. "शिवडीलाच कापून घेतली. त्याच दिवशी सांगणार होतो, वयनी. गेटवर आलो तर सर आधीच पायरीवर बसलेले. मालतीताई शेंगांचं ताट घेऊन उभ्या. म्हटलं, आज राहू दे, उद्या सांगू."

"तीन महिने?"

त्यांनी पाणी गळणारी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"रोज बसवून ठेवता लोकांना. सरांचं वय काय, मालतीताईंची कंबर कशी, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे," ते म्हणाले. "वर गेलो की दार लावतो. ते मग सकाळीच उघडतं."

मी विचारलं, माप कमिटीला सांगू ना. त्यांनी मान हलवली. सांगायला हवंच, असं तेच म्हणाले. सांगाडा खाली आहे म्हटल्यावर राण्यांना बोलायला जागा राहत नाही.

"गाडी आत राहील," ते म्हणाले. "बरं झालं."

गाडी उचलून नेताना माणूस जसा उभा असतो तसे ते उभे होते. मग म्हणाले, बांगडे आहेत, खराब होतील, आणि लिफ्टकडे गेले.

मी घरी येऊन दोन्ही आकडे कागदावर लिहिले. एवढं लिहिलं की काम संपत होतं. गाडी राहिली असती, राणे गप्प बसले असते, आणि संध्याकाळी सातला गावडे एकटे तीस फूट गाडी चालवत आत आले असते. दुपारभर तो कागद टेबलावर होता. जेवण झालं, भांडी झाली, इस्त्री झाली. नवऱ्याने विचारलं, नोटीस झाली का. म्हटलं, होतेय.

सोमवार, १३ एप्रिल. सकाळी शाळेत जायच्या आधी, मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते, खाली उतरून बोर्डावर नोटीस लावली. ती अशी: "पार्किंगमधील अग्निशमन पाइपच्या सुरक्षिततेसाठी, श्री. गावडे यांची पिकअप आत घेताना सहा प्रौढ सभासदांनी मागील हौद्यात बसणे आवश्यक आहे. वाहन जागेवर लागल्यानंतर घाई करून उतरू नये. वारांप्रमाणे यादी खाली दिली आहे."

राणे फिरून येत होते, त्यांनी उभ्याने वाचली. मापं कुठे आहेत, म्हणाले. मी म्हटलं, फाइलला लावली आहेत, रीतसर अर्ज करा, दाखवते. अर्ज म्हटल्यावर ते लिफ्टकडे वळले. निदान पाइपची काळजी आता कागदावर आली, असं जाता जाता म्हणाले.

यादीत सोमवारची पाच नावं रात्रीच घातली होती. सहावी जागा रिकामी होती. तिथे पेनाने माझं नाव लिहिलं, सोसायटीचा शिक्का मारला आणि शाळेत गेले.