एकतीस वर्षे राहिलेल्या डब्याची बखर

तिसऱ्या मजल्यावरील डाव्या दाराचे मुदपाकखान्यात जे वर्तमान गुदरले ते, जैसे घडले तैसे, पदरचे तिखटमीठ न लावता लिहून ठेवावे, कां की पुढील लोक पाच मिनिटांत खाऊ करितील आणि तितक्याच वेळात तो कोणी शिकविला हे विसरतील, म्हणोन हा लेखनप्रपंच. वाचणाराने हात धुवून वाचावे.

प्रथम वंश सांगावा. या गादीच्या मूळ संस्थापक आजेसासूबाईंच्या सासूबाई. त्यांस करड्या बाई म्हणत. त्यांचा दरारा ऐसा की, त्या चुलीसमोर उभ्या असता दूध उतू जाण्यास धजत नसे. त्यांचे मागे आजेसासूबाई गादीवर आल्या, त्या किल्लीवाल्या. साखरेस कुलूप, लोण्यास कुलूप, आणि किल्ल्यांच्या पेटीस आणिक एक कुलूप; आणि ती शेवटची किल्ली एकदा गहाळ जाहली, तेव्हा अवघे घर नऊ दिवस बिनसाखरेचा चहा प्यायले, परंतु कुलूप फोडू दिले नाही. मग सासूबाई आल्या, त्या चिठ्ठीवाल्या. त्यांनी विचार केला की कुलूप चोरास बोलावणे करिते, सबब कुलपे काढून टाकावी आणि डब्यांवर खोट्या चिठ्ठ्या डकवाव्या. मग साखरेवर 'मीठ' लिहिले, मिठावर 'सोडा', सोड्यावर 'पिठीसाखर', आणि येणेप्रमाणे बावीस डब्यांचा बंदोबस्त जाहला. घरात नवी सून आली की पहिला महिनाभर हा खोटा नकाशा घोकीत असे, आणि ज्या दिवशी ती न अडखळता खोटे वाचू लागे, त्या दिवशी ती घरची जाहली ऐसे समजत.

त्या चिठ्ठीवाल्यांच्या सूनबाई, याच कथेच्या नायिका, थोरल्या बाईसाहेब. वय एकाहत्तर, पाठ ताठ, नजर तराजूची. यांचा रिवाज ऐसा की खाण्याचा कोणताही जिन्नस दोन दिवसांच्या आत सिद्ध करावयाचा नाही. पहिला दिवस निवडण्यास, दुसरा करण्यास, आणि तो निगुतीने जाहला ऐसे चारचौघांत सांगण्यास पुढील आठवडा. 'झटपट' हा शब्द त्या घरात शिवीप्रमाणे दार लावून उच्चारीत.

ऐशा प्रतापी बाईसाहेबांचे मस्तकी एक देणे होते. एकतीस वर्षांमागे थोरले धनी अकरा दिवस इस्पितळात निजून होते आणि बाईसाहेब त्यांचे उशाशी, आणि घरी अकरा वर्षांचे चिरंजीव एकटे. तेव्हा समोरचे दारी राहणाऱ्या परिचारिका, ज्यांस अवघा जिना सिस्टर म्हणे, त्यांनी आपली रातपाळी सांभाळून निळ्या रंगाचा पत्र्याचा डबा बिस्किटांनी भरून पहिल्याच दिवशी धाडिला. बाईसाहेब कपडे नेण्यास घरी आल्या होत्या. त्यांनी उंबऱ्यात उभ्या उभ्या एक बिस्किट मोडून उलटे करून पाहिले आणि शेरा दिधला की, "खालून जरा लागलंय." समोरचे दार उघडे होते. सिस्टरांनी ते ऐकिले. तरी दुसरे दिवशी डबा पुन्हा भरून देऊन गेल्या, आणि तिसरे दिवशी, आणि अकराही दिवस.

थोरले धनी बरे होऊन घरी आले आणि पुढे वीस वर्षे नांदले. डबा तेवढा राहिला. कोणाचा डबा रिकामा परत करू नये, हा घराण्याचा कानून. आणि भरून द्यावा तर त्यात ऐसे काही असावे की कोणाची छाती त्यास खालून लागले म्हणावयाची होऊ नये. बाईसाहेबांनी दर वर्षी मसलत केली आणि दर वर्षी कोणताच पदार्थ पसंतीस उतरला नाही. मग डब्यात प्रथम एक सुई राहावयास आली, तिचेमागे दोऱ्याची रिळे आली, मग बटणे सहकुटुंब आली, आणि डबा शिवणाचा जाहला. तरी बाईसाहेब बटण काढावयास झाकण उघडीत तेव्हा त्यांस ते बिस्किट आठवे, आणि बटण लावून होईतो त्या कोणाशी बोलत नसत.

ऐसे असता रविवारी दुपारी दीड वाजता चिरंजीव, वय बेचाळीस, दात कोरीत सज्जात उभे होते, ते आत येऊन खबर देते जाहले.

"आई, खाली ट्रक लागलाय. सिस्टरचं सामान चाललंय."

बाईसाहेबांनी फर्माविले की हे घडणे नाही, सिस्टर लेकीकडे राहावयास बुधवारी जाणार.

"बुधवारी ट्रकवाल्याला जमत नाहीये. तीन वाजता निघतायत. कायमच्या."

बाईसाहेब खुर्चीवरून उठल्या आणि पुन्हा बसल्या. मग पुन्हा उठल्या त्या थेट कपाटाकडे गेल्या आणि निळा डबा काढून मेजावर ठेविला. दीड तास उरला होता आणि रिवाज दोन दिवसांचा. चिरंजीवांनी सल्ला दिधला की कोपऱ्यावरून काहीतरी आणावे. बाईसाहेबांनी त्यांजकडे ऐसे पाहिले की ते आपण होऊन भिंतीस टेकले. एकतीस वर्षांच्या देण्यात दुकानचा माल घालणे म्हणजे नकटीच्या लग्नास उसना नवरा आणणे.

तेव्हा सूनबाई पुढे सरल्या. या पेशाने दंतवैद्य, सहा दिवस लोकांचे दात उपटून सातवे दिवशी घरच्यांस सांभाळीत. त्यांनी हाती मोबाईल घेऊन अर्ज गुदरला.

"आई, रागावणार नसाल तर सांगते. बिस्किटं होतात. तीनच वस्तू. मैदा, लोणी, साखर. ही बाई पाच मिनिटांत करते."

"कोण ही बाई?"

"असते एक. व्हिडिओवर."

"तिची सासू कुठाय?"

"दिसत नाही त्यात."

"म्हणूनच पाच मिनिटं," ऐसे बाईसाहेब वदल्या. परंतु नजर घड्याळाकडे गेली, आणि घराण्याचे इतिहासात प्रथमच झटपट करण्याचा हुकूम सुटला.

मग कूच जाहले. पहिला मुक्काम ओव्हन. ओव्हन नामे तोफ सूनबाईंच्या लग्नात आली होती आणि बारा वर्षे एकही बार न काढिता कोठार होऊन बसली होती. दार उघडिताच आतून चार तवे, सात झाकणे, एक बिनदांड्याची कढई आणि नेहमी हरवणारी किसणी ऐसे कैदी बाहेर पडिले, आणि त्यांस ठेवावयास जागा नाही म्हणोन चिरंजीवांचे हाती दिधले, आणि ते अखेरपावेतो शस्त्रागार होऊन उभे राहिले. यात पंधरा मिनिटे खर्च पडिली. मोबाईलमधील बाईचे पाच मिनिटांत ही पंधरा धरिली नव्हती.

दुसरा मुक्काम मापाचा. बाई म्हणे, दोन कप मैदा. घरी कप सात, आणि एकाची उंची दुसऱ्यास ठाऊक नाही. सूनबाई म्हणाल्या कोणताही चालेल; बाईसाहेबांनी निवाडा दिधला की कोणताही चालणाऱ्याचे घरी काहीच चालत नाही, आणि थोरल्या धन्यांचा कान तुटका कप प्रमाण मानिला. मग मैदा पडिला आणि लोणी पडिले, आणि मैदा तेथेच खलास जाहला, आणि सूनबाईंनी सराईत हाताने 'मीठ' लिहिलेला डबा उतरविला, अर्धा कप जिन्नस मिक्सरात बारीक केला आणि पिठात ढकलिला. बाईसाहेब तेव्हा डब्यातून बटणे वेचीत होत्या. एक काळे बटण पत्र्याचे खाचेत अडकले होते, ते पिनेने काढिता काढिता त्यांचे लक्ष तिकडे गेले नाही.

मग गोळा मळिला, लाटिला, वाटीने चकत्या पाडिल्या आणि तोफेचे मुखी दिधल्या. वीस मिनिटांनी ऐसा सुवास सुटला की बाईसाहेब स्वतः म्हणाल्या, रंग तर बरा आहे. त्यांनी एक उलटे करून पाहिले. खालून लागले नव्हते. एकतीस वर्षांचे ओझे त्यांचे खांद्यावरून चार बोटे वर उचलिले गेले.

इतक्यात चिरंजीवांनी तव्यांचे आडून हात घालून एक बिस्किट मुखी टाकिले. मग ते चावले, मग थांबले, आणि मग त्यांचे नेत्रांतून जल आले.

"काय झालं? आवडलं?"

"पाणी," चिरंजीव इतकेच बोलिले.

सूनबाईंनी कण चाखिला. दंतवैद्य असल्याने त्यांनी तो गिळण्याचे साहस केले नाही. मग त्या डब्यावरील चिठ्ठी आणि डब्यातील जिन्नस आळीपाळीने पाहत्या जाहल्या.

"आई, या डब्यावर मीठ लिहिलंय आणि आत खरंच मीठ आहे."

हकीकत ऐसी होती की, गेले पंधरवड्यात चिरंजीव, बेचाळीसाव्या वर्षी, साखरेत चमचा घालिताना सापडले होते. बाईसाहेबांनी विचार केला की खोटी चिठ्ठी आता शत्रूस पाठ जाहली, सबब तिजवर मात करणारी एकच चाल उरली, ती खरे लिहिण्याची. मग त्यांनी 'मीठ' डब्यात मीठ भरिले, आणि हे गुपित कोणास सांगितले नाही. चार पिढ्यांत त्या घरी प्रथमच डब्यावर खरे लिहिले गेले, आणि घात तेणेच केला.

सूनबाई म्हणाल्या, "माझीच चूक. चाखायला हवं होतं."

येथे सासूने हूं म्हणोन प्रकरण मिटवावे, ऐसा जगाचा दस्तूर. बाईसाहेबांनी तोंड उघडिले, मिटले, पुन्हा उघडिले.

"तुझी नाही. तू या घरचं बरोबर वाचलंस. मी बदललं आणि बोलले नाही."

चिरंजीवांचे हातून एक झाकण पडिले.

दोन वाजून अडतीस जाहले होते. मैदा नाही, लोणी नाही. साखर कोठे, ऐसे पुसता बाईसाहेबांनी मोरीखालील फडताळातून एक बरणी काढिली. तिजवर लिहिले होते 'झुरळांचे औषध'. सूनबाईंनी ती वंदून घेतली. मग त्यांनीही आपले ओट्याचे सर्वांत वरचे फळीवरून एक डबा उतरविला. त्यावर चिठ्ठी, 'कारल्याच्या बिया'. आत मक्याचे दाणे, लाह्यांचे. लाह्या म्हणजे फुकटचा आवाज, ऐसे बाईसाहेबांनी पूर्वी ठरवून त्यांस घरबंदी केली होती.

"कधीपासून आहे हे?"

"सात वर्षं. तुम्ही भजनाला गेलात की करतो आम्ही."

बाईसाहेबांनी चिठ्ठीवरील अक्षर न्याहाळिले. "कारल्याच्या बिया," त्या म्हणाल्या. "सासूबाईंनाही सुचलं नसतं." हा या घरातील सर्वोच्च किताब होय.

मग तिसरी फळी चालून गेली. पातेले तापले, तेल पडिले, दाणे पडिले, आणि चिरंजीव तवे काखेत मारून ढालीसारखे झाकण दोन्ही हातांनी दाबून उभे राहिले, आणि आत प्रथम एक बार जाहला, मग चार, मग ऐसा भडिमार उठला की खालील ट्रकवाला मान वर करून पाहू लागला. तीन मिनिटांत पातेले शिगोशीग भरिले. बाईसाहेब पुटपुटल्या, "बरं आहे हे," आणि कोणी ऐकिले नाही ऐसे दाखविले.

उरले साखरेचे काम, ते त्यांनी जातीने घेतले. मोबाईल सांगे, चार मिनिटे. चार मिनिटांनी तो किणकिणला.

"ते यंत्र काय साखरेचा वास घेतंय? ठेव खाली," ऐसी आज्ञा जाहली. साखर पिवळी जाहली, मग मधाचे वर्णाची, मग सागवानी. बाईसाहेब पातेले उतरविणार तोच खाली ट्रकचा भोंगा वाजला, आणि त्यांनी एकदा, एकदाच, दाराकडे मान वळविली. वळवून पाहतात तो बुडाशी एक काळी रेघ. त्यांनी जाणिले. सूनबाईंनीही जाणिले. तीन वाजण्यास चार मिनिटे होती.

"घाला लाह्या," बाईसाहेब म्हणाल्या.

मग ढवळिले, ताटात पसरिले, पंख्याखाली निवविले न निवविले तोच डब्यात भरिले, झाकण बुक्की मारून बसविले, आणि थोरल्या बाईसाहेब खासा स्वारीनिशी, हाती निळा डबा, आपला उंबरा ओलांडून चार पावलांची जिन्यावरील मजल करित्या जाहल्या. इतकी दीर्घ मजल त्यांनी आयुष्यात केली नव्हती.

सिस्टर कुलूप लावीत होत्या. वळल्या, डबा पाहिला.

"अगंबाई, हा अजून आहे? मी तर विसरूनच गेले होते."

"मी नव्हते विसरले."

त्याउपरि बाईसाहेबांनी जे भाषण एकतीस वर्षे बांधून ठेविले होते, त्यात उपकार, ऋणानुबंध, कृतज्ञता ऐसे मातबर शब्द होते. आयते वेळी त्यातील एकही हजर राहिला नाही.

"माझा पोरगा अकरा दिवस तुमच्या हातचं जेवला," त्या म्हणाल्या, "आणि मी बिस्किट उलटं करून बघितलं."

सिस्टरांनी डबा हाती घेतला. त्यांनी झाकण उघडिले. वाफ निघाली. त्यांनी साखरेने जडविलेली एक लाही उचलिली, बाईसाहेबांचे डोळ्यांदेखत उलटी केली, नीट न्याहाळिली, मुखी घातली आणि सावकाश चावली. सूनबाई दारात, त्यांचे मागे तव्यांसह चिरंजीव, अवघा फौजफाटा श्वास रोखून.

"खालून जरा लागलंय," सिस्टर म्हणाल्या.

बाईसाहेबांची पाठ ताठ होती ती तैसीच राहिली. परंतु ओठ हलले.

"लागलंय खरं."

मग दोघी ऐशा हसल्या की सिस्टरांस पायरीवर बसावे लागले, आणि बाईसाहेब, ज्या जिन्यात कधी बसल्या नव्हत्या, त्याही शेजारी बसल्या, आणि डबा मध्ये ठेवून मूठ मूठ खाल्ले, आणि ट्रकवाल्याने भोंगा चार वेळा वाजविला तो चारही वेळा वाया गेला. अखेर सिस्टर उठल्या आणि अर्धा उरलेला डबा काखोटीस मारून जिना उतरल्या.

येणेप्रमाणे रविवारी तिसरे प्रहरी मोहीम फत्ते जाहली. खर्ची पडिले: लोणी समूळ, मैदा समूळ, चिरंजीवांची जीभ दोन दिवस. हाती लागली: किसणी. तिसऱ्या मजल्याचे डावे दाराकडून उजवे दारास देणे होते डबा एक आणि वाक्य एक. पैकी डबा भरून पोचला आणि वाक्य जैसे दिधले होते तैसे अक्षरशः परत आले. एकतीस वर्षांचे देणे पुरते फिटले.