वांगी रंगाचा ठिपका

जावयाची गाडी शेडमध्ये उभी राहून चहाचा एक घोट होतो न होतो, तोच भिमाजीरावांना तिचा संशय यायला लागला.

गाडी लाल होती, बुटकी होती आणि दोनच दारांची होती. जावई आदेश चाकणला कंपनीत कामाला. त्याने ती पुण्यातल्या कुणा डीलरकडून जुनी घेतली होती. आहुप्याच्या रस्त्याला तिचं पोट घासेल म्हणून ती सासुरवाडीत लावून तो बायकोला, म्हणजे त्यांच्या अश्विनीला घेऊन एसटीने आहुप्याला गेला होता. देवराई बघायची, एक मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, असा बेत होता. निघताना त्याने किल्ली सासऱ्याच्या हातात ठेवली.

"मामा, गाडीवर जरा नजर ठेवा. कुणाला हात लावू देऊ नका."

"माशी बसू देणार न्हाई, पावणं," भिमाजीराव म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले. लग्नाला वर्ष होत आलं तरी जावयाने आजवर त्यांच्यावर काही सोपवलं नव्हतं. ही पहिलीच वेळ. त्यांची छाती दिवसभर फुगलेली राहायला हरकत नव्हती.

पण स्वभावाला काय करणार? दळण टाकलं की पीठ हातात पडेपर्यंत भिमाजीराव गिरणीतून हलत नसत. भुवयांपर्यंत पांढरे होऊन घरी येत, पण आपल्या गव्हाचं पीठ आपल्याच डब्यात आल्याची खात्री करून येत. विहिरीवरची मोटर दुरुस्तीला नेली की मेकॅनिकच्या समोर ठाण मांडत. तत्पूर्वी मोटरच्या प्रत्येक भागावर नेलपॉलिशने 'भि' काढलेला असे. नेलपॉलिश अश्विनीची. तिचं कॉलेज संपेपर्यंत तिच्या किती बाटल्या विहिरीच्या कामी आल्या, त्याला गणती नाही. आणि काही बदललंच, तर जुना पार्ट ते परत मागून घेत. पलंगाखाली अशा जुन्या पार्टांची गोणी होती. ती हलवायला त्यांच्या बायकोला, ठकूबाईंना, दोन माणसं लागत.

अशा माणसाला जावई मिळाला भोळा. निदान भिमाजीरावांचं तसं मत होतं. लग्नात करवल्यांनी त्याचे बूट लपवले, तर या बहाद्दराने ते मागितलेसुद्धा नाहीत. हसत हसत चप्पल घालून जेवायला बसला. 'ज्याला बुटाची काळजी न्हाई, त्याला इंजिन बदलून दिलं तरी काय कळणार?' या विचाराने भिमाजीरावांना शेडमध्ये घाम फुटला. डीलरने पोराला नक्की गंडवलं होतं. त्यांनी बॉनेट उघडलं.

आत काहीच दिसेना. सगळीकडे काळं प्लॅस्टिक आणि त्यावर धूळ. इंजिनचा नंबर बघायचा तर धूळ काढणं आलं. ट्रॅक्टर धुवायचा प्रेशरचा पंप शेजारीच होता.

"अवो, त्याला पाणी मारू नका," ठकूबाई ओट्यावरून ओरडल्या. "जावयानी हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलंय!"

"कुनाला लावू द्यायचा न्हाई, आसं सांगितलंय. मी 'कुनी' हाये व्हय?"

धुऊन झाल्यावर इंजिन आरशासारखं लखलखलं. नंबर मात्र सापडला नाही. जरा वाळावी म्हणून त्यांनी गाडी सुरू केली, तर समोर पिवळा दिवा लागला तो विझेना. बांधापर्यंत नेली, तर साध्या चढाला ती मुंगीच्या चालीने चालायला लागली. मागून एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत पुढे निघून गेला.

ठकूबाई म्हणाल्या, "फोन करून खरं सांगून टाका."

"आहुप्यात रेंज न्हाई," भिमाजीराव म्हणाले. रेंज नसल्याचा एवढा आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता.

गावातल्या गॅरेजात नेली असती, तर बातमी जावयाच्या आधी जावयाकडे पोचली असती. म्हणून गाडी रांगत रांगत घोडेगावला गेली, बुद्धभूषणच्या गॅरेजात. भाजीच्या पिकअप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करून बुद्धभूषणचा हात टर्बोवर बसला होता आणि ते तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे. त्याने कॉम्प्युटर जोडला, बॉनेटखाली डोकं घातलं आणि बाहेर काढून म्हणाला, "वेस्टगेट गेलं."

"कुटं गेलं?" भिमाजीरावांनी दचकून मागे पाहिलं.

"गेलं म्हंजी खराब झालं, भाऊ. टर्बो म्हंजी धुरावर फिरनारा पंखा. धुराचा जोर लई झाला की एक झडप उघडती आन जादाचा धूर बाजूनी काढून देती. कुकरच्या शिट्टीवानी. त्या झडपंची उघडझाप करनारी ही मोटर. हिच्यात पानी गेलंय."

"पानी कसं जाईल?"

"तेच मी तुमाला इचारतोय."

"दव पडलं आसंल."

बुद्धभूषणने एकदा बाहेरच्या मे महिन्याच्या उन्हाकडे आणि एकदा भिमाजीरावांकडे पाहिलं. ज्या गिऱ्हाइकाला आपल्या गाडीचं नाव नीट घेता येत नाही आणि जो मे महिन्यात दव पाडतो, त्याची गाडी स्वतःची असेलच असं नाही, हे त्याला कळलं. त्याने गुपचूप नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवला.

नवा पार्ट भोसरीहून मागवला. पुण्याला भाजी टाकून रिकामी परतणारी पिकअप दुसऱ्या दिवशी दुपारी तो घेऊन येणार होती. बुद्धभूषण म्हणाला, "गाडी राहू द्या हितं आन घरी जावा."

"हितंच बसतो."

"रातभर?"

"हिरीची मोटर भरायला दिली तवा बी बसलो व्हतो."

आता बुद्धभूषणचा संशय पक्का झाला. गाडी चोरीची होती आणि रातोरात ती हलवायचा या माणसाचा बेत दिसत होता. म्हणून तोही घरी गेला नाही. रात्रभर एक जण गाडीच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला खाटेवर बसून डास मारत राहिले. दोघेही गाडी राखत होते, एकमेकांपासून.

दुपारी पिकअप आली. खोक्यातून नवी मोटर निघाली आणि तिच्याबरोबर कोथिंबिरीची एक काडी.

"ही वापरलेली हाये!" भिमाजीराव ओरडले.

"अवो, गाडीत कोथिंबीर व्हती!"

"नव्या पार्टात कोथिंबीर घुसंलच कशी?"

शेवटी पिकअपवाल्याला शपथ घ्यायला लावली, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. तरी भिमाजीरावांनी खिशातून नेलपॉलिशची बाटली काढलीच. अश्विनी घरी ठेवून गेलेल्या बॅगेतून त्यांनी ती येतानाच उचलली होती. नव्या मोटरीवर त्यांनी ठसठशीत 'भि' काढला आणि फुंकर मारून वाळवला. बुद्धभूषण दात खात बघत राहिला.

मग जुनी मोटर निघाली. भिमाजीरावांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि त्यांचे डोळे बारीक झाले. तिच्या अंगावर एक ठिपका होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, वांगी रंगाचा.

"हा ठिपका कसला?"

"कंपनीचा आसंल. चेकिंगचा."

"कंपनी वांगी रंगाचा ठिपका देती व्हय? तू दिलास?"

"माझ्याकडं नेलपॉलिश आसती व्हय, भाऊ? ती तुमच्या खिशात हाये!"

हे खरं होतं. म्हणजे मग डीलर! डीलरने खूण करून पार्ट बदलला होता, इथे आता तीळभर शंका उरली नाही. जावयाला फसवलं गेलं होतं आणि पुरावा सासऱ्याच्या हातात होता. पण पुरावा दाखवायचा तर तो हातात कसा आला हेही सांगावं लागणार. पोराला फसलेलंच ठेवावं की आपण त्याच्या नजरेतून उतरावं, या पेचात भिमाजीरावांना दुपारची भाकरीसुद्धा गोड लागली नाही. पोरीच्या संसाराची काळजी एकीकडे आणि स्वतःची अब्रू एकीकडे, आणि खरं सांगायचं तर अब्रूचं पारडं जरा जड होतं.

"आता कम्प्युटर लावून झडपंला शिकवावं लागंल," बुद्धभूषण म्हणाला.

"झडपंला काय शिकवायचं?"

"उघडायचं किती आन मिटायचं किती."

"रातभर न्हाई सांगितलंस ते!"

झडप शिकेपर्यंत उन्हं कलली. गाडी सुरू झाली, पिवळा दिवा विझला. भिमाजीरावांनी जुनी मोटर धोतराच्या फडक्यात गुंडाळली, नव्या मोटरीचं खोकं काखेत मारलं आणि गाडीत बसले. घोडेगावच्या चौकात येतात तोच समोर आहुप्याहून येणारी एसटी! ते इतके खाली वाकले की एसटीच्या ड्रायव्हरला वाटलं, लाल गाडी माणसाशिवाय चाललीय. सुदैवाने एसटी स्टँडात वळली आणि ते पुढे सुटले.

घरी आल्यावर एक नवीनच घोटाळा लक्षात आला. गाडी नको इतकी स्वच्छ होती. भिमाजीरावांनी अंगणातली माती ओंजळीने घेतली आणि टपावर उधळायला सुरुवात केली.

"आता काय गाडीचं लगीन लावताय?" ठकूबाई म्हणाल्या.

"तू मंगलाष्टका म्हन, पन पोरांना बोलू नको."

पोरं आली. अश्विनी आईच्या गळ्यात पडली. आदेशने पाण्याचा तांब्या हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. तो सरळ शेडकडे गेला. गाडीभोवती एक चक्कर मारली. टपावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग त्याने बॉनेट उघडलं आणि मोबाईलचा टॉर्च लावला. वर माती आणि आत आरसा!

भिमाजीराव ओट्यावर बसल्या जागी सुपारी कातरायला लागले. सुपारी संपली तरी अडकित्ता चालूच होता.

टॉर्चचा उजेड इंजिनवर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकत होता. जावयाचे ओठ हलत होते. तो काहीतरी ताडून बघत होता. मग उजेड थांबला.

"मामा, जरा इकडं येता?"

भिमाजीराव गेले.

"मी गाडीच्या प्रत्येक पार्टवर एक ठिपका ठेवलेला आहे," आदेश हळू आवाजात म्हणाला. "शोरूमवाले पार्ट बदलतात, कुणाचा भरवसा नाही. बाकी सगळे ठिपके जागेवर आहेत. वेस्टगेटवरचा नाही. तिथं 'भि' आहे." त्याने टॉर्च सासऱ्याच्या तोंडाकडे वळवला नाही, एवढी सभ्यता पाळली. "हा 'भि' कोण?"

भिमाजीराव वळले, घरात गेले. आत पलंगाखाली गोणी ओढल्याचा आवाज झाला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फडकं होतं आणि काखेत खोकं. फडकं सोडून त्यांनी जुनी मोटर जावयापुढे धरली. पंप, पाणी, बुद्धभूषण, कोथिंबीर, सगळं एका दमात सांगून टाकलं आणि मान खाली घातली.

"तुमी इस्वासानी सोपवली व्हती, पावणं. मी माती खाल्ली. पन जुना पार्ट परत आनलाय."

आदेशने मोटर घेतली, ठिपका टॉर्चखाली धरला, बाकीच्या ठिपक्यांशी ताडून बघितला. भिमाजीराव शिक्षेची वाट बघत उभे होते.

"जुना पार्ट मागून घेतलात?" आदेश म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "आमच्या इथं कुणाला हे सुचत नाही, मामा. लोक नुसते पैसे देतात आणि निघतात. बसवताना समोर होतात?"

"रातभर."

"नव्याचं खोकं?"

"हे काय काखंत."

जावई भारावल्यासारखा बघत राहिला. भिमाजीरावांच्या डोक्यात एक जुनी शंका वळवळली.

"लग्नातले बूट, पावणं. तुमी मागितले न्हाईत..."

"बुटांच्या तळाला ठिपका होता. जाणार कुठं?"

वर्षभर ज्याला भोळा समजून भिमाजीराव रात्री कूस बदलत होते, तो आपल्याच रक्ताचा असल्यासारखा निघाला होता. पोर योग्य घरी पडली होती, याबद्दल आज त्यांची खात्री पटली.

तेवढ्यात मागून अश्विनी आली. तिने मोटरीवरचा ठिपका बघितला, 'भि' बघितला, मग वडिलांच्या खिशातून डोकावणारी बाटली बघितली. तिचा चेहरा हळूहळू वांगी रंगाचा झाला.

"म्हणजे माझी नेलपॉलिश तुम्ही संपवत होता?" ती नवऱ्याला म्हणाली. "अहो, मला वाटलं वन्सं चोरतात! दिवाळीपासून मी त्यांच्याशी बोलत नाहीये!"

"मला वाटलं, तुमचं काही दुसरंच बिनसलंय," आदेश पुटपुटला.

वडिलांकडे बोट दाखवत ती म्हणाली, "इथं होते तोवर दादांनी संपवली. म्हटलं, लग्न झाल्यावर तरी सुटेन!"

ठकूबाईंनी लेकीला जवळ घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्याकडे बोलण्यासारखं होतं ते सगळं पलंगाखालच्या गोणीत भरलेलं होतं.

सासरा-जावयाचं इकडे लक्षच नव्हतं. दोघे उकिडवे बसून खोक्यावरचे आकडे आणि मोटरीवरचे आकडे ताडून बघत होते. "ह्यो सात हाये का एक?" "सातच आहे, मामा. पण प्रिंट जरा फिकट वाटतेय." "मला बी तेच वाटलं व्हतं!" मध्येच आदेशने मान वर केली.

"मामा, पुढच्या सर्व्हिसिंगला पुण्याला याल का? मला सुट्टी मिळत नाही. तिथं गाडीसमोर बसायला आपलं माणूस कुणी नाही."

भिमाजीरावांनी उपरण्याने डोळे पुसले आणि मान डोलावली.

अश्विनीने नणंदेला फोन लावला आणि अंगणाच्या टोकाला जाऊन बराच वेळ माफी मागितली. परत आल्यावर तिने वडिलांच्या खिशातून बाटली काढून घेतली, उजेडात धरून उरलेली नेलपॉलिश बघितली. बॅगेत ठेवण्याआधी तिने इकडेतिकडे पाहिलं, पर्समधून पेन काढला आणि बाटलीत जिथपर्यंत नेलपॉलिश होती तिथे बाहेरून एक बारीक रेघ मारून ठेवली.