ढोबळे बाबूंच्या नावावरचा आक्षेप

अक्षर माझं गिचमिड आहे आणि शाळा चौथीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसतील, त्या पोटात घाला. माणूस मात्र नीट पाहा. माणूस म्हणजे आमच्या समोरच्या घरातले ढोबळे बाबू. कोपऱ्यावर भाजी आणायला जायचं असलं, तरी ते आधी माझ्या फाटकाशी येतात आणि आपल्या घराचा पदभार माझ्याकडे सोपवतात.

"वहिनी, चाव्या दोन. नळ बंद, गॅस बंद, मांजर बाहेर. पदभार स्वीकारला म्हणा."

मी हळूच म्हणते, "स्वीकारला."

"ऐकू नाही आलं. तोंडातल्या तोंडात पदभार घेता येत नाही."

मग आमच्या अख्ख्या नंदनवन वस्तीला ऐकू जाईल असं म्हणावं लागतं. मी लाजाळू बाई. कोणी पाहुणे आले तर दाराआडून बोलते. पण बाबूंना मेथीची जुडी आणायची असली की मला गल्लीत ओरडावं लागतं.

आमचे हे एका सरकारी ऑफिसात शिपाई होते आणि ढोबळे बाबू तिथल्याच आस्थापना शाखेत. कोणाची रजा, कोणाची बदली, कोणाची वेतनवाढ, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. बाबू निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ऑफिस काही त्यांच्या अंगातून उतरलं नाही. भाजीवाल्यानं भाव वाढवला की विचारतात, "कोणत्या आदेशानं?" डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तर म्हणाले, "लेखी द्या. तोंडी आदेश मी घेत नाही."

सरकारनं महागाई भत्ता वाढवला की त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या सुमनचाही पगार तितकाच वाढतो, आणि तोही थकबाकीसह. गल्लीतल्या बायका चिडतात. एकदा एकीनं गच्चीवरून सुनावलं, "बाबू, तुमी आमच्या कामवाल्या बिघडवून राहिले!"

बाबूंनी खालूनच उत्तर दिलं, "महागाई काय फक्त तुमच्याच घरी येते काय?"

त्यांचा अभिमान एकच. लग्नात, बारशात, अगदी तेरवीच्या पंगतीतसुद्धा ते सांगायचे, "पूर्ण नोकरीत ऑडिटचा एक आक्षेप माझ्या नावावर नाही. एक दाखवा, मिशी उतरवतो." मिशी नव्हतीच, पण हे त्यांना कोणी म्हणायचं नाही.

मागच्या वर्षी आमचे हे गेले. माझी कुटुंब पेन्शन सुरू झाली, आणि थोड्याच महिन्यांत ती बरीच कमी यायला लागली. मी कोणाला बोलले नाही. सरकारनं कापले म्हणजे काही कारण असेल, असं वाटलं. त्या पेन्शनवरच माझी चूल आणि माझी औषधं. मी दूध बंद केलं.

दूधवाला माझ्या दाराशी थांबत नाही हे बाबूंनी पाहिलं.

"काहून वं वहिनी, दूध बंद?"

मी सांगितलं. ते असे काही ओरडले की मांजर पळालं. दुसऱ्याच दिवशी ऑफिसात जाऊन ते सगळं काढून आले. पगार तपासणाऱ्या पथकाला सापडलं होतं की ह्यांना फार वर्षांपूर्वी एक वेतनवाढ वेळेआधी मिळाली. तेव्हापासून जास्तीचा गेलेला सगळा पैसा आता माझ्या पेन्शनमधून कापणार होते.

"शिपायाकडून! तेही मेल्यावर!" बाबू म्हणाले. "कोर्टानं सांगून ठेवलं आहे, खालच्या नोकरांची लबाडी नसेल तर निवृत्तीनंतर वसुली नाही. चला, वहिनी."

ऑफिसात तरणा कारकून त्यांना ओळखत होता. "काका, तुमी तं रिटायर झाले ना? काहून उन्हातान्हात फिरून राहिले?"

"मी झालो गा रिटायर. नियम नाही झाले."

पेन्शनचं काम पाहणाऱ्या मॅडमनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "कोर्टाचं मला माहीत आहे. पण ते चूक कार्यालयाची असेल तरच. यांच्या मिस्टरांनी त्या वर्षी अर्ध्या वर्षाहून जास्त विनापगारी रजा घेतली होती. त्या जुलैत त्यांना वेतनवाढ बसतच नव्हती. त्यांनी रजा लपवून ती घेतली असेल, तर वसुली होणार."

माझं तोंड भाजल्यासारखं झालं. त्या वर्षी मी टीबीनं पडले होते. हक्काची रजा संपली तरी हे माझ्या उशाशी बसून राहिले. ऑफिसची टाचणीसुद्धा ज्या माणसानं घरी आणली नाही, त्याला मेल्यावर लबाड म्हणत होते. बोलावंसं फार वाटलं, पण मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

मॅडमनी ह्यांचं सेवापुस्तक उघडलं. "वेतनवाढीची ही नोंद कोणी केली?"

बाबू वाकले. अक्षर पाहिलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी."



"त्यानं काही लपवलं नव्हतं. रजेचा अर्ज माझ्याच टेबलावर होता. जुलैची यादी काढताना त्याचं नाव वगळायचं होतं, ते मी वगळलं नाही. चूक माझी आहे. लिहून घ्या."

तरण्या कारकुनाला हसू आलं. "काका, तुमच्या नावावर आक्षेप?"

"लिवून घे म्हनलं ना गा!" बाबू असे गरजले की पलीकडच्या टेबलावरचे लोक उठून उभे राहिले.

मॅडमनी विचारलं, "पण तुमच्यासारख्यांकडून असं झालं कसं?"

बाबूंनी चष्म्याची काडी उघडली, मिटली. "घरची बाई वारून चार दिवस झाले होते, मॅडम. डोकं जाग्यावर नव्हतं."

"मग कामावर का आलात?"

"सगळ्याइच्या वाढी अडकल्या असत्या."

त्यांनी खाली सही केली. सही ठसठशीत आली.

येताना ऑटोत मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मेडिकल चौक गेल्यावर ते आपणच बोलले. "वहिनी, वाढीचं मी उगाच सांगितलं. घरी बसून करणार काय होतो मी? लेकरू ना बाळ. ऑफिसात कोणी तरी 'बाबू, चहा पाजा' म्हणे."

मी म्हटलं, "आज आमच्याकडं जेवा, भाऊजी." ते जेवले. भाकरी, वांग्याची भाजी. पातेलं रिकामं होईपर्यंत जेवले.

महिन्याभरात आदेश आला, वसुली रद्द. कापलेले पैसे बँकेत आले, पण सगळे नाहीत. सुरुवातीच्या दोन महिन्यांचे राहिले. बाबू तेव्हा तापानं पडले होते, आणि ऑफिसातल्या त्या दिवसापासून त्यांचा आवाजही खाली गेला होता. पंगतीतलं ते मिशीचं वाक्य बंद झालं होतं. मी एकटीच बस धरून गेले.

तरणा कारकून म्हणाला, "आले तेवढे घ्या ना मावशी. एवढ्याशासाठी काहून फेऱ्या मारून राहिल्या?"

"एवढंसं असेल तर देऊन टाका ना," मी म्हणाले. "एका माणसानं भर ऑफिसात आपली चूक कबूल केली. तो इथून कधीचा रिटायर झाला आहे. तुम्ही अजून नोकरीत आहात. तुमची चूक तुम्ही निस्तरा. मी इथंच बसते."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. पण बसले. बाकावर, पंख्याखाली, सगळ्यांसमोर, पाय हलवत. जेवणाची सुट्टी झाली, संपली, तरी उठले नाही. शेवटी मॅडमच बाहेर आल्या, कागद मागवला आणि उभ्या उभ्या सही केली.

परवा त्या दोन महिन्यांचेही पैसे जमा झाले. सगळे आले.