फरकातले बत्तीस

आमच्या वसमतमध्ये 'थंडी वाढली' असं कुणीही म्हणू शकतं. फक्त शेजारच्या खिल्लारे सरांसमोर म्हणू नये. लगेच प्रश्न येतो, "किती डिग्रीनं? आन् कोणत्या डिग्रीनं?"

सर गणिताचे मास्तर. निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. एकदा चहाच्या टपरीवर मोबाइल बघून मी म्हणालो, "सर, तापमान पंचवीसवरून विसावर आलं. पाच डिग्री सेल्सिअसनं उतरलं." आणि शाळेत पाठ केलेलं सूत्र लावून फुशारकीनं सांगितलं, "म्हणजे एक्केचाळीस फॅरनहाइटनं." सरांनी बशी खाली ठेवली.

"लेका, बत्तीस काहून मिळवले? पंचवीसचे झाले सत्त्याहत्तर, विसाचे अडुसष्ट. बत्तीस दोन्हीकडं व्हते, वजाबाकीत उडाले! फरक नऊचा. फरकाला नुसतं नऊ पंचमांशानं गुणायचं."

बरं, सरांशी वाद घालायची सोय नाही. "माझं बराबर हाय" म्हणून ते संध्याकाळपर्यंत बसवून ठेवतात. मी अनुभव घेतलेला आहे.

मागच्या महिन्यात त्यांच्या मंडळी, सुमनकाकू, तापानं फणफणल्या. दवाखान्यात ठेवलं. दोन दिवस डोळे मिटलेले, तोंडातून शब्द नाही. घरचं थर्मामीटर फॅरनहाइटचं, दवाखान्यातलं सेल्सिअसचं. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स म्हणाली, "काका, कालपासून ताप दीड डिग्रीनं उतरला."

सरांनी औषधाच्या खोक्यावर आकडे मांडले. मांडता मांडता ते पांढरेफटक पडले.

"चौतीस पॉइंट सात! अरे, एवढा उतरला तर माणसात राहिलं काय?"

मी खोक्यावर पाहिलं. सरांनी चक्क बत्तीस मिळवले होते. त्यांना सांगावं कसं, मला कळेना. तेवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला, "आवो, फरकात बत्तीस मिळवतेत का कुठं?"

काकू चौथी शिकलेल्या. सर तीस वर्षं बाहेरच्या खोलीत शिकवण्या घ्यायचे आणि त्या आत भाकरी थापायच्या, एवढंच मला ठाऊक होतं.

सरांनी वाद घातला नाही. "चुकलं माझं," म्हणाले आणि माझ्यादेखत काकूंचा हात धरून ढसाढसा रडले. मला तिथून उठावंसंही वाटलं आणि उठवेनाही. मग त्यांनी डोळे पुसले, स्टूल खाटेजवळ ओढलं.

"आनखी बोल," ते काकूंना म्हणाले. "माझं आनखी काय काय चुकलं ते सांग. आज समदं ऐकून घेतो."